सुई वर, सुई खाली

मावशींच्या दुकानात नियम एकच होता. सुई वर असली तर बोला, कापडात असली तर गप्प बसा. मावशी रफू करायच्या. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा; तीत एक खिडकी, एक दिवा आणि शिलाई मशीनवर बसलेला नवरा. नियम मुळात त्याच्यासाठीच होता.

त्या दिवशी पुढ्यात करडा कोट होता. एका मुलीनं उद्याच्या मुलाखतीसाठी वडिलांचा कोट आपल्या मापाचा करून घेतला, आणि ऐन वेळी उंदरानं बाहीवर ताव मारला. उद्याच सकाळी मावशींच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. डावा केव्हाच नावापुरता उरला होता. काही बरंवाईट झालं तर हा कोट शेवटचा, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"अगं, परत दे तो. डोळ्याला जरा विश्रांती," नवरा म्हणाला.

"आणि पोरीनं काय उंदरासकट जायचं मुलाखतीला?"

सुई खाली गेली. कोटाच्याच आतल्या शिवणीतून काढलेला धागा भोकावर चढू लागला. तेवढ्यात नणंदेचा फोन आला. नवऱ्यानं स्पीकर लावला. बहिणीला एकट्यानं ऐकायची त्याची छाती नव्हती.

"वहिनी, अजिबात घाबरू नकोस हं! आमच्या शेजारणीचं ऑपरेशन झालं, तर तिला आता दोन-दोन जावई दिसतात. एकच झेपत नव्हता बिचारीला!"

मावशींची सुई मध्येच थांबली. मग त्यांनी स्वतःला एवढंच विचारलं, पुढचा धागा वर की खाली? वर. त्यापुढचा? खाली. नणंद शेजारणीवरून तिच्या व्याह्यांवर पोचेपर्यंत मावशी भोकाच्या पलीकडच्या काठाला लागल्या.

रफू झालं, अस्तर टाचून झालं. भोकाची जागा दाखवणारा खुणेचा पांढरा टाका खरं तर इस्त्रीनंतर काढायचा, पण घाईत तोही उपटला. इस्त्रीआधी एकदा बघावं म्हणून त्यांनी बाही खिडकीशी नेली. रफू कुठेच नाही. पुन्हा फिरवली. नाहीच. उजवा डोळाही गेला की काय?

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "मला दिसत नाहीये."

नवरा ताडकन उठला. चष्मा लावला, पुसून पुन्हा लावला, बाहीला नाक टेकवलं.

"बाही हीच ना?"

"हीच."

"अगं, मग मलाही दिसत नाहीये!"

आधी मावशींना हसू फुटलं. नवऱ्याला ते जरा उशिरा कळलं, आणि मग तो हसता हसता डोळे पुसू लागला.

संध्याकाळी मुलगी आली. "मावशी, भोक होतं तरी कुठे?"

"ते विसर आता. उद्या प्रश्नांकडे लक्ष दे."

सकाळी ऑपरेशनच्या खोलीबाहेर भीती होतीच, रात्रभर कुठे गेली नव्हती. डॉक्टर आले तसा नवरा पुढे सरसावला, "डॉक्टर, एक विचारू का, आमच्या बहिणीची शेजारीण..."

मावशींनी त्याचा हात दाबला. "अहो, सुई खाली," म्हणाल्या आणि आत गेल्या.