पगारांना शोभेल असं नाव

आमच्या पगार भावकीत एक वेळ देवाला न विचारता बारसं होईल, पण आत्याला न विचारता व्हायचं नाही. वडिलांची ही धाकटी बहीण पंचवटीत राहते. बाळाला मांडीवर घेण्याआधी ती त्याचं ठरवलेलं नाव विचारते आणि गच्चीवर जाऊन, भाजीबाजाराच्या दिशेने, आडनावासकट खणखणीत हाक मारून बघते. खाली एक जरी भाजीवाली हसली, तर नाव बाद. आमचं आडनावच असं, की जपून राहावं लागतं. चुलतभावाला मुलाचं नाव आजोबांवरून संपत ठेवायचं होतं. "संपत पगार? अरे, एक तारखेलाच घरात रडारड लावतो काय?" दुसऱ्याने हौसेने नील काढलं. ते तिला फार आवडलं होतं, पण बँकेतल्या जावयाने 'निल'चा अर्थ सांगताच, "पोराला जन्मभर फुकट राबवायचंय का?" म्हणत तिने पाळण्यावर चिकटवलेली अक्षरं स्वतः उपटली.

मुलींच्या बाबतीत तिचं गणित वेगळं. पगार बाजूला ठेवून ती नाव देवरे, आहेर, शिंदे अशा परक्या आडनावांना लावून बघायची. आमच्या मुलीसाठी माझ्या बायकोने इरा नाव निवडलं. मला बहीण नाही, त्यामुळे बाळाच्या कानात नाव सांगायचा मानही आत्याचाच. बारसं उद्यावर आलेलं, घुगऱ्यांचे हरभरे भिजत घातलेले, आणि आत्या अडून बसली.

"इरा आहेर म्हणून बघ. इराहेर होतंय. आहेरांच्या घरात पडली तर? पोरीचं नाव कसं, कुठल्याबी भांड्यावर बसणाऱ्या झाकणासारखं पायजे."

बायको शांतपणे म्हणाली, "आत्या, ती आडनाव बदलणार नाही. मी तरी कुठे बदललंय?"

आत्या म्हणाली, "माझं तर नावबी बदललं. ताटातल्या तांदळात लिहिलं, अन् झालं."

आधीचं काय होतं, असं बायकोने विचारलं. मला ते ठाऊक नव्हतं. आमच्यासाठी ती कायम आत्याच.

"यमुना," ती म्हणाली. "यमुना पगार. लय चांगलं बसायचं गं."



दुसऱ्या दिवशी पाळण्यात वाकून तिने 'इरा पगार' असं पूर्ण नाव सांगितलं, तेही कुजबुजत नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. जेवणं उरकून बायका निघाल्या, तेव्हा बायकोने दारातून हाक मारली, "यमुनाआत्या, घुगऱ्या राहिल्या तुमच्या."

"ही कुणाला बोलावते?" जिन्यात शेजारणीने विचारलं.

"मलाच गं," म्हणत आत्या जिना पुन्हा चढून वर आली.