पिशवीतली एकतीस रत्नं

"अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया," डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, मराठीत सांगा. "रक्ताचा कॅन्सर. बरा होऊ शकतो." माझी सतरा वर्षांची वैशाली शेजारीच बसली होती. सहा केमो लागतील म्हणाले. मी लगेच, "चारात नाही होणार?" मी बाजारात बायकांचे गाऊन विकते; त्या धंद्यात समोरच्याचा पहिला आकडा मी कधीच मानला नाही.

केमो म्हणजे सलाइनमधून जालीम औषध. मधल्या दिवसांत ती पेणकरपाड्याला घरी असायची. तिच्यासाठी घासाघीस करून जुना कॉम्प्युटर आणला. त्यावरच्या गेममध्ये एक योद्धी मुलगी राक्षस मारत फिरायची. वाटेत लपवलेली रत्नं मिळायची. एक वापरलं की गेलेली ताकद परत.

"ताकद संपत आली, मग वापर की."

"आई, आत्ताच उडवली तर मोठ्या राक्षसापुढे काय करू?"

"शहाणी गं माझी! माल राखतो तोच टिकतो."

एकदा फालतू वटवाघळाने तिला मारलं. पिशवीत एकतीस रत्नं तशीच. आम्ही पोट धरून हसलो.

तिसऱ्या केमोनंतर न्यूट्रोपेनिया झाला, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळपास संपल्या. घरी सोडताना हातात इंग्रजी कागद दिला, मला न वाचता येणारा. ताप आला तर ताबडतोब या, असं त्यात होतं. तोंडाने कुणी सांगितलं नाही. तो राग मी अजून सोडलेला नाही.

पण वैशालीने कागद वाचला होता. सोमवारी ताप आला, तो तिने लपवला. मंगळवारी मी हात लावला तर कपाळ तव्यासारखं. रिक्षात म्हणाली, "एवढ्याशा तापाला काय जायचं? वाढला की सांगणारच होते."

सेप्सिस, म्हणजे जंतूंचा विखार अंगभर पसरला. आयसीयूत चार दिवस, मग गेली. डॉक्टर म्हणाले, "एक दिवस आधी आणलं असतं तर..." ते वाक्य त्यांनी अर्धं सोडलं. मी रोज पुरं करते. बाजारात कुणाचा चेहरा लालसर दिसला, तरी माझा हात त्याच्या कपाळाकडे जातो.

शेवटच्या दिवशी वॉर्डच्या सिस्टरनी आयसीयूत शब्द टाकला, म्हणून वेळ संपल्यावरही मला तिच्याजवळ बसू दिलं. त्यांचे उपकार विसरणार नाही. त्यांच्याच परवानगीने दर गुरुवारी, वॉर्डमधून घरी निघालेल्यांना मी तो कागद वाचून दाखवते, मराठीत लिहून घेतलेला. तुम्हालाही सांगते, ताप आला की निघा. वाढायची वाट बघू नका.

परवा एक बाप वैतागला. "अहो बाई, माझ्या मुलीला येतं इंग्रजी."

"माझ्याही मुलीला येत होतं," मी म्हटलं, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.