अळी हटेपर्यंत

"थांब बाई, थांब! अळी हटली न्हाई अजून, आन् तू मालकाचं नाव घेऊन राह्यली!" भगवानराव कॉम्प्युटरवर ओरडत होते. वाटूरच्या त्या बियाण्याच्या दुकानातलं एकुलतं गिऱ्हाईक पिशवी टाकून जे पळालं, ते परतूरपर्यंत थांबलं नसेल.

चूक बाईची नव्हती. इंटरनेट नुकतं आलेलं, आणि आमच्या बियाणे कंपनीनं वेबपेज काढलं होतं. फोटो एकामागून एक बदलायचे, रेकॉर्ड केलेली बाई माहिती सांगायची. एमआयडीसीतल्या ऑफिसात दोन्ही बरोबर जुळायचं. वाटूरला फोनच्या तारेवरून आवाज आधी पोचला, मालकांचा फोटो मागं राहिला. पडद्यावर बोंडअळी आणि बाई म्हणते, "हे आमचे मालक!"

मालकांनी बजावलं, "शनिवारी डीलरांसमोर बराबर चाललं पाहिजे. न्हाई तर भगवान, तू गोदामात."

भगवानराव म्हणजे वीस वर्षं गावोगाव चादरीवर स्लाइड दाखवणारा माणूस. टेपवर आवाज, हातात चित्रं. सेकंद ते सुपारीवर मोजायचे. "एक चावा, एक सेकंद. घड्याळ झूट बोलतं, दाढ न्हाई." कोणत्या सेकंदाला कोणता फोटो, हे ते येरझाऱ्या घालत सांगायचे आणि मी पेजच्या फाइलीत टाइप करायचो. त्या आठवड्यात ते खोलीतल्या खोलीत केदारखेड्याला जाऊन आले असतील. तरी तारेवर जुळेना. शेवटी म्हणाले, "मंग फोटो पुरा आल्याबिगर बाईनं तोंड उघडायचं न्हाई. तसं लिही." लिहिलं.

खरं दुखणं आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. बाकीचे फोटो टपाटप यायचे. मालकांनी स्वतःचा तेवढा भिंतीएवढा ठेवायला लावला होता, तो तारेतून लवकर सरकायचा नाही.

शनिवारी वाटूरच्याच दुकानात डीलर जमले. कापूस आला, बाई बोलली. अळी आली, बाई बोलली. मग बाई गप्प. डीलरांचा चहा झाला, दुसरा झाला. अळी इतका वेळ समोर होती, की ती आमच्याकडं ओळखीनं बघायला लागली.

"भगवान, काय झालं?" मालक गरजले.

मी कुजबुजलो, "फोनची लाईन खराब म्हणा."

"मालक, तुमचा फोटो लहान करावा लागल," भगवानराव मोठ्यानं म्हणाले.

तेवढ्यात पडद्यावर वरून फेटा उतरला, मग मिशी, मग सगळे मालक. आणि शेवटची रेघ भरताक्षणी बाई बोलली. अर्ध्या चाव्याचा फरक नाही! पण डीलर त्याआधीच हसून बसले होते.

सोमवारी भगवानराव गोदामात पोत्यांची तोंडं शिवत होते. मी चिडून विचारलं, "लाईन खराब म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

त्यांनी दातानं सुतळी तोडली.

"लाईन चांगली होती."