उलट्या पाटीवरची मुलाखत

जनावरांच्या डॉक्टरकीला मुलाखत नसते. नीटचे गुण, गुणांवरून यादी, यादीवरून कॉलेज, संपलं. आज हे मी कुणालाही एका दमात सांगते. पण त्या वर्षी आमच्या वस्तीवर हे ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं, आणि सगळ्यात कमी तयार होते ते माझे मामा.

मामांनी आयुष्यात एकच मुलाखत दिली होती, साखर कारखान्यातल्या टाइमकीपरच्या जागेसाठी, आणि तीत ते पडले होते. त्यामुळे मुलाखत या विषयात आमच्या पंचक्रोशीत त्यांच्या तोडीचा माणूस नव्हता. आत जाताना कोणता पाय आधी टाकायचा, खुर्ची सरकवायची की नाही, साहेबांनी पाणी पुढं केलं तर प्यायचं की नाही, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. आपण साहेबांसमोर घाम पुसला आणि तिथंच नोकरी गेली, असं त्यांचं ठाम मत होतं. भाचीनं घाम पुसता कामा नये, एवढ्यासाठी त्यांनी कंबर कसली.

मामांचा माझ्यावर हक्कही होता. दिवाळी झाली की आण्णा, म्हणजे माझे वडील, आणि आई बैलगाडी जुंपून ऊसतोडीला खाली कारखान्याकडं जायचे, आणि मी तिसगावात मामांच्या घरी राहून शाळा करायची. बारावीपर्यंत माझ्या डब्याची, सायकलच्या पंक्चरची आणि पालक सभेची जबाबदारी त्यांचीच होती. मी नीट दिली तेव्हा परीक्षा केंद्राबाहेर उन्हात तेच बसले होते. निकाल लागला तो मधलाच. माणसांच्या डॉक्टरकीला कमी पडेल, जनावरांच्या डॉक्टरकीला पुरेल असा. नातेवाइकांचे सांत्वनाचे फोन येऊ लागले. माणसांचा नंबर हुकला तर हुकला, जनावरांचा तरी लागला, असं जो तो म्हणायचा. मला पहिल्यापासून हेच करायचं होतं, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. शेवटी मी फोन उचलणंच बंद केलं.

मग सुरू झाली मुलाखतीची तयारी. मामा संध्याकाळी धारांच्या वेळेला मोटारसायकलवरून वस्तीवर यायचे, गोठ्यातली शेणाची पाटी झटकून उलटी घालायचे आणि तिच्यावर बसायचे. तीच साहेबांची खुर्ची. मी समोर उभी. मुलाखतीत सांगितल्याशिवाय बसायचं नसतं म्हणून उभी, आणि सांगितलं तरी बसायला दुसरी पाटी नव्हती. बाजूला आण्णांची बैलजोडी, एक जर्सी गाय आणि आईच्या शेळ्या, एवढे श्रोते.

पहिला प्रश्न ठरलेला असायचा. गाईला वरच्या बाजूला पुढचे दात किती? उत्तर, एकही नाही. मला हे पाचवीपासून माहीत होतं, तरी मामा ते गुपित असल्यासारखं हळू आवाजात विचारायचे. मग बैलाचं वय दातांवरून. मग राज्याचे पशुसंवर्धन मंत्री कोण? हा प्रश्न त्या काळात अवघड होता, सकाळचा पेपर बघितल्याशिवाय उत्तर देण्यात अर्थ नसायचा. मग, गाय व्याली आणि वार अडकली तर काय कराल? आमच्याकडं याचं एकच उत्तर सगळ्यांना येतं. लोंबणाऱ्या वारेला जुनी चप्पल बांधायची, वजनानं ती पडते. मी ते ठणकावून सांगितलं. मामांनी मान डोलावली. धार काढता काढता आईनं तेवढी दुरुस्ती केली की जुनीच पाहिजे, नव्या चपलेनं भागत नाही.

मामांचं संपलं की ते आण्णांकडं बघायचे. तुमी बी इच्यारा काहीतरी, म्हणायचे. आण्णा कासरा वळत बसलेले असायचे. ते मान वर न करता एकच प्रश्न विचारायचे, रोज तोच.

"जनावर वाचनार न्हाई, आसं तुला कळलं. मालक फुडं हुबा हाय. काय सांगशील त्याला?"

या प्रश्नामागची गोष्ट मला आईकडून माहीत होती, आण्णांनी ती स्वतः कधी सांगितली नाही. मी लहान असताना तोडीवर त्यांचा एक बैल आजारी पडला. डॉक्टर आला, त्यानं सुया टोचल्या, दोन दिवसांत उठेल म्हणाला आणि गेला. मग आण्णा फडात ऊस तोडायला गेले. दुपारी कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपडीवर, परतले तेव्हा दाव्याला बांधलेल्या अवस्थेतच बैल गेलेला होता, जवळ कुणी नव्हतं. डॉक्टरला ते काही बोलले नाहीत. आईला एवढंच म्हणाले की सांगितलं असतं तर बसलो असतो त्याच्यापाशी.

मला गोष्ट माहीत होती, तरी उत्तर येत नव्हतं. पहिल्या दिवशी मी म्हणाले, धीर देईन. आण्णा म्हणाले, "बघ आजून." दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगेन. बघ आजून. एकदा मी वैतागून म्हणाले, देवाच्या हातात आहे म्हणेन. त्यावर ते हसले आणि म्हणाले, ते तर आमचं आमाला ठाव हाय, त्याला डॉक्टर कशाला? मामा मात्र खूश होते. असला प्रश्न साहेब विचारणार नाहीत, म्हणायचे, तू दातांचं पक्कं कर.

माझा नंबर लागल्याचं कळलं ते तिसगावच्या बाजारात, ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्याच्या टपरीत. बाहेर बैलबाजार भरलेला, व्यापारी टॉवेलाखाली बोटं दाबून सौदे करत होते, आणि आत त्या टपरीवाल्यानं स्क्रीन माझ्याकडं वळवली. मराठवाड्यातलं सरकारी कॉलेज. मी ओरडले नाही, स्क्रीनवरचं माझं नाव बोट ठेवून दोनदा वाचलं. आण्णांनी डोक्याची टोपी काढून परत घातली. मामा विचारत होते, मुलाखत कवा? नाही म्हटल्यावर ते टपरीवाल्या पोराला म्हणाले, नीट बघ, खाली बारीक अक्षरात असंल.

कागदपत्रं तपासायच्या दिवशी पांढरा शर्ट घालून तेच माझ्याबरोबर आले. यष्टीत पुन्हा एकदा दातांपासून उजळणी झाली. कॉलेजच्या खिडकीपाशी आमचा नंबर आला तेव्हा मामांनी मला पुढं केलं आणि आतल्या बाईंना आदबीनं म्हणाले, "इच्यारा तिला काय बी. तयारी झालीय." बाईंनी चष्म्यावरून आधी मामांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि विचारलं, "डोमिसाइल आणलंय का?" एवढीच माझी मुलाखत. मी आणलं होतं. परतीच्या गाडीत मामांनी पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि पाथर्डी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. मला हसूही येत होतं आणि त्यांची दयाही येत होती.

कॉलेजची ती वर्षं आठवली की आधी वास येतो तो फॉर्मेलिनचा. कितीही साबण लावा, तो वास जेवणाच्या ताटापर्यंत पोचायचाच. पहिल्या वर्षी आमच्या खोलीत प्रत्येकीच्या कॉटखाली अभ्यासाला आणलेल्या जनावरांच्या हाडांचं पोतं होतं. घरून भेटायला आलेल्या एका मैत्रिणीच्या आईचा पाय त्याला लागला आणि ती बाई रात्री मुक्कामालाच राहिली नाही. पहाटे गोठ्यावर ड्यूटी असायची. शहरातून आलेल्या मुली गाईच्या मागं उभ्या राहायच्या, लाथ खायच्या, आणि मी त्यांना पुढून नेऊन गाईची ओळख करून द्यायची. त्याच्या बदल्यात त्या माझं इंग्रजी दुरुस्त करायच्या. मेसच्या डाळीला आम्ही सगळ्याच मिळून शिव्या द्यायचो. खरं सांगते, इतकी हलकी मी पुन्हा कधी झाले नाही.

मामांची तयारी एकदाच कामाला आली, आणि तीही माझी फजिती करून. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, वार अडकली तर काय कराल? वर्षभर पाठ केलेलं सगळं बाजूला राहिलं आणि तोंडातून निघालं, जुनी चप्पल बांधू. सर शांतपणे म्हणाले, "डाव्या पायाची की उजव्या?" शेजारच्या टेबलावरची मुलं हसून लोळायची बाकी होती. मग सरांनी मला समोर बसवून समजावलं की त्या वजनानं गर्भपिशवी बाहेर येऊ शकते, आत जखम होते, गाय दगावते. मी घरी फोन करून आईला सांगितलं. आई म्हणाली, बरं, नाही बांधत. आणि जरा वेळानं म्हणाली, मग त्या चपलांचं काय करायचं? गोठ्याच्या आढ्याला तिनं खास जपून ठेवल्या होत्या.

आण्णांचे फोन हंगामात यायचे ते फडावरून, मागं कोयत्यांचे आवाज. अभ्यासाचं ते विचारायचे नाहीत, तिथली जनावरं काय खातात ते विचारायचे. तिसऱ्या वर्षी दवाखान्यात आम्हाला एक शब्द मिळाला. जनावराचं काही खरं नसलं की केसपेपरवर 'गार्डेड' लिहायचं आणि मालकाला सांगायचं की प्रयत्न चालू आहेत, आत्ताच काही सांगता येणार नाही. मला वाटलं, सापडलं. त्याच संध्याकाळी मी आण्णांना फोन लावला आणि त्यांच्या प्रश्नाचं हे उत्तर दिलं. तिकडं बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "बघ आजून."

मला राग आला. एवढे मोठे सर जे बोलतात ते या माणसाला का चालत नाही, असं वाटलं. पुढं मी ते उत्तर देणं सोडून दिलं आणि त्यांनी विचारणं.

शेवटच्या वर्षी, इंटर्नशिप चालू असताना, उन्हाळ्यात आईचा फोन आला की तांबडा खात नाही. तांबडा म्हणजे जोडीतला डावीकडचा बैल. माझ्या मुलाखतींना तो रवंथ करत उभा असायचा तोच. आण्णांनी त्याला गोऱ्हा असल्यापासून वाढवलं होतं, त्याची वेसणसुद्धा त्यांनीच घातलेली.

मी सकाळच्या गाडीनं पोचले तेव्हा तो लिंबाखाली उभा होता, पुढचे पाय फाकवून, कोपरं बाहेर काढून. गळ्याखालची पोळी सुजून लोंबलेली, मानेची शीर फुगलेली. मला लांबूनच कळलं होतं, तरी मी स्टेथोस्कोप लावला. छातीतून ठोक्याऐवजी अर्धी भरलेली घागर हलवल्यासारखा आवाज येत होता. तार होती. कोपीपुढं थंडीत लोक जुने टायर जाळतात, त्यातल्या बारीक तारा राखेत उरतात, राखेतून वाढ्यात, म्हणजे चाऱ्याला घातलेल्या उसाच्या शेंड्यांत, जातात आणि वाढ्यातून पोटात. पोटातून ती तार काळजापर्यंत पोचली होती. मी बैलाचा व्हिडिओ काढून कॉलेजच्या सरांना पाठवला, मग फोन केला. त्यांनीही तेच सांगितलं. पोटात असती तर कापून काढली असती, आता उशीर झालाय.

आण्णा तांबड्याच्या तोंडाजवळ उभे होते. हातात पेंडीचा गोळा होता, तो घेत नव्हता. त्यांनी मला काही विचारलं नाही. माझ्या बॅगेत सुया होत्या, सलाइन होतं, आणि तोंडात ती सगळी वाक्यं होती. प्रयत्न करू, दोन दिवस बघू, सांगता येत नाही. एक वाक्य तर ओठापर्यंत आलं. त्यांच्या हातातला तो गोळा बघून मी ते गिळलं.

"आण्णा," मी म्हणाले, "तांबडा जगायचा न्हाई. आज न्हाईतर उद्या."

"नक्की?"

"नक्की. दुखनं कमी व्हावं म्हनून सुई देते. त्यानं वाचनार न्हाई पन. तुमी बसा त्याच्यापाशी."

आण्णांनी पेंडीचा गोळा घमेल्यात ठेवला. मग तांबड्याची वेसण हळूच कापून काढली, गळ्यातली घुंगरमाळ सोडली आणि त्याच्या मानेखाली हात घालून त्याला खाली बसवलं. मी सुई दिली आणि पलीकडं जाऊन भडाभडा रडले. पाच वर्षांत मेलेली जनावरं मी पुष्कळ बघितली होती, पण त्यांतल्या एकाही मालकाला मी आण्णा म्हणत नव्हते.

दुपारी मामा आले. आल्या आल्या त्यांनी धांदल सुरू केली. सलाइन लाव, शेवगावच्या डॉक्टरला बोलावू, एवढं शिकून काय उपयोग. आण्णा बैलाच्या कपाळावरून हात फिरवत होते. ते एवढंच म्हणाले, "पाव्हणं, तिनं सांगितलंय."  मामांनी गोठ्यातून ती मुलाखतीची पाटी आणली, उलटी घातली आणि मला बस म्हणाले.

तांबडा दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गेला. आण्णा तिथंच होते, त्याचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. आईनं चहा आणून दिला, तो त्यांनी घेतला. मी शेजारी जाऊन उभी राहिले आणि सवयीनं वाट बघत राहिले. 'बघ आजून' असं त्या दिवशी ते म्हणाले नाहीत.