दोनशे ऐंशी बोटं

नाशिकला गंगापूर रोडवर आमचा पाच-सहा रिटायर्ड फौजींचा सकाळचा ग्रुप आहे. फिरणं अर्धा तास, चहा एक तास. चहाला बसलं की प्रत्येकाच्या गोष्टीत एक तरी बंदूक निघते. माझ्या गोष्टींत पाय निघतात! मी फौजेत नर्सिंग असिस्टंट होतो. वीस वर्षांत माझ्याकडे एवढे किस्से साठलेत की बायको म्हणते, ते सांगायला तुम्हाला गंगापूर रोड पुरतो, घर पुरत नाही.

काम समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. बर्फातली एक पोस्ट, तिथे अठ्ठावीस माणसं. थंडीने बोट बधिर होतं, पांढरं पडतं आणि वेळेत धरलं नाही तर कापावं लागतं. वर माझ्या हवाली अठ्ठावीस माणसांच्या पायाची दोनशे ऐंशी बोटं होती. तेवढीच खाली आणायची, एवढं माझं युद्ध.

* * *

पहिल्याच दिवशी सुभेदारसाहेबांनी माझं सामान बघितलं. औषधांची पिशवी, स्ट्रेचर, रायफल. ते म्हणाले, या उंचीवर यातलं एक काहीतरी कमी कर, नाहीतर आम्हालाच तुला उचलावं लागेल. मी रायफल कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या खोलीत जमा केली आणि चढलो.

वर हवालदार अहिरे होते. सटाण्याकडचे, मिशीवाले, सेक्शनचे बाप. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं.

"तुन्हाजोडे बंदूक नही, मंग तू फौजी कसाना?"

मी म्हटलं, "हवालदारसाहेब, आधी बूट काढा."

त्यांनी काढले. त्या दिवसापासून सगळी पोस्ट मला डॉक्टर म्हणायला लागली, फक्त अहिरे सोडून. ते मला 'पायवाला' म्हणायचे.

* * *

डॉक्टर ही पदवी फौजेत फुकट मिळते, पण तिचा त्रास घरी होतो. सुट्टीवर आलो होतो तेव्हा बायकोच्या माहेरी येवल्याला गेलो. तिचे काका पैठणी विणतात. विळीने त्यांचा तळहात कापला, गावातले डॉक्टर बाहेरगावी गेलेले. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चार टाके घातले, तेही हात न थरथरता, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

तिसऱ्या दिवशी काकांनी पट्टी सोडून जखम उजेडात धरली. बराच वेळ बघितली.

"जावईबापू, जखम भरतेय छान," ते म्हणाले. "पण असं कमी-जास्त अंतर आमच्या मागावर पडलं, तर गिऱ्हाईक साडी परत करतं."

* * *

लोक विचारतात, फायरिंग सुरू झालं की तू काय करायचास? मी स्टोव्हवर पाणी ठेवायचो. बाकीचे बाहेर धावायचे, मी पाणी तापवत बसायचो. लागणार कुणाला तरी, हे माहीत असायचं.

एकदा पेठचा नाईक पवार बाहेर उघड्यावर पडला. मांडीत छर्रा घुसलेला. मी सरपटत गेलो आणि दोन्ही हातांनी जखम दाबून त्याच्या शेजारी आडवा झालो. हात काढला असता तर रक्त थांबलं नसतं, आणि डोकं वर काढलं असतं तर मी थांबलो असतो. तासभर आम्ही तसेच पडून होतो. मला प्रचंड भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू.

पवारला स्वतःपेक्षा माझीच काळजी. हळूच म्हणतो, "डॉक्टर, तुजकडं बंदूक नाय. माझी घे."

मी म्हटलं, "कुठल्या हातानं?"

त्या अवस्थेतही तो हसला आणि हसल्यामुळे जखम दुखली म्हणून मला शिव्या घातल्या. महिन्याभरात बरा होऊन परत वर आला.

* * *

आता पायांकडे येऊ. रोज दुपारी चारला फूट इन्स्पेक्शन. सगळे बंकरमध्ये ओळीने ब्लँकेट पांघरून बसायचे आणि पाय तेवढे बाहेर काढायचे. मी टॉर्च घेऊन वाकून एकेक बोट दाबत जायचो आणि विचारायचो, "लागतंय?" मालक "लागतंय" म्हणाला की पुढचा पाय. वास कसा असायचा ते चहा घेताना सांगत नाही.

माणसं दुखणं लपवायची. लपवण्याचं कारणही तसंच असायचं. खाली पाठवलं की मेडिकल कॅटेगरी घसरायची आणि प्रमोशन अडकायचं. अहिरे तर नायब सुभेदार होण्याच्या अगदी तोंडावर होते.

त्या दिवशी पवारचे पाय झाले. पुढचे अहिरे. उजवा पाय ठीक, नखं व्यवस्थित कापलेली. डावा पाय ठीक, पण नखं वाढलेली. मला गंमत वाटली. एका पायाची नखं कापून माणूस दुसरा तसाच कसा सोडेल? मी अंगठा दाबला.

"लागतंय," अहिरे म्हणाले.

मी तळव्याला गुदगुल्या केल्या. अहिरे गंभीर चेहऱ्याने समोर बघत होते. फिदीफिदी हसला तो पवार!

* * *

ब्लँकेट उचललं तर अहिरेंचा खरा डावा पाय मागे दुमडलेला. शेवटची दोन बोटं मेणासारखी पांढरी. तीन दिवसांपासून त्यांना तिथे काही कळत नव्हतं. पवारने मित्राला पाय उसना दिला होता आणि त्यात आपण काही चूक केली, असं त्याला वाटतच नव्हतं.

अहिरेंनी मला बाजूला घेऊन समजावलं. आठ दिवस थांब म्हणाले, प्रमोशनचा कागद निघाला की मी स्वतः खाली जातो. आयुष्यात त्यांनी कुणाकडे काही मागितलं नसेल, माझ्याकडे मागितलं. मी सरळ रेडिओवर खालच्या डॉक्टरांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हेलिकॉप्टर आलं. चढताना त्यांनी सगळ्यांशी हात मिळवला, माझ्याशी नाही.

पाय वाचला, दोन बोटं गेली. प्रमोशनही गेलं. ते हवालदार म्हणूनच रिटायर झाले. मी खाली आणली ती दोनशे अठ्ठ्याहत्तर.

तेव्हापासून अकरा वर्षं मी दर दिवाळीला सटाण्याला फोन करायचो. फोन वहिनी उचलायच्या आणि मळ्यात गेलेत म्हणायच्या. मागून अहिरेंच्या खोकल्याचा आवाज मला ऐकू यायचा. मी बरोबर वागलो हे मला माहीत होतं, तरी प्रत्येक दिवाळीला वाईट वाटायचं.

* * *

पायांची सवय काही सुटली नाही. भाचीला बघायला मुलगा आला, तेव्हा सगळे त्याला नोकरी, पॅकेज, फ्लॅट विचारत होते. मी खाली बघत होतो. त्याच्या मोज्याची टाच फाटलेली होती आणि तिथे बारीक, नीट रफू केलेलं होतं.

"कुणी केलं हे?" मी विचारलं.

"मीच," तो लाजून म्हणाला. "होस्टेलवर शिकलो."

मी आत जाऊन बहिणीला सांगितलं, ताई, साखर वाट. बायको अजून म्हणते की माणूस बघायला पाठवला तर मोजे बघून आला. भाची मजेत आहे.

* * *

आता शेवटचा किस्सा. यातलं बोट वाचलं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही चहा गार न करता ऐकाल. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, दोन महिने ड्रेसिंग केलं आणि ते भरलं.

गेल्या श्रावणातली गोष्ट. दुपारी बेल वाजली. मी दार उघडलं तर समोर अहिरे. मिशी पांढरी, हातात पिशवी, पायात सैल चप्पल. मागे वहिनी उभ्या. एसटीने सटाण्याहून थेट आले होते, फोन नाही, काही नाही. माझ्या बायकोने त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. ते प्यायले, पण माझ्याकडे बघितलं नाही.

वहिनी हळू आवाजात सांगायला लागल्या. शुगर निघालीय, अंगठ्याला जखम झाली ती भरत नाही, तिकडच्या डॉक्टरांनी बोट काढावं लागेल म्हटलंय, उद्याची तारीखही दिलीय. आज पहाटे उठून हे म्हणाले, नाशिकला चल.

अहिरेंनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग पट्टी सोडली आणि पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

"डॉक्टर म्हणस, कापनं पडी," ते म्हणाले. "तू काय म्हणस?"