शेजारणीची मसाल्याची बाटली

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, श्रूजबरीतल्या माझ्या स्वयंपाकघराच्या कपाटात एक बाटली होती, आणि ती माझी नव्हती. शेजारच्या मोरोक्कन बाईची. रास-एल-हानूत, म्हणजे दुकानातला सगळ्यात भारी मसाला, असं ती सांगायची. दालचिनी, जायपत्री, सुंठ, वाळलेल्या गुलाबपाकळ्या आणि काय काय. तिच्या आईनं कुटलेला हा शेवटचा. आई गेली आणि प्रमाणही तिच्याबरोबरच गेलं.

मग बाटली माझ्याकडे कशी? तिच्या अमेरिकन नवऱ्याला वास सोसत नव्हता. अर्धा मसाला त्यानं फेकलाच होता. उरलेला घेऊन ती माझ्या दारात आली. "तुझा नवरा काही म्हणणार नाही ना?"

"छे! ह्याच वासात वाढलेत ते," मी म्हटलं.

दर शुक्रवारी ती यायची. तिच्या माहेरी हा मसाला मटणात पडायचा; माझ्याकडे लाल भोपळा आणि छोल्यांवर भागवायची. "फोडणीत नाही हं, जळतो. रश्श्यात घाल आणि सावकाश शिजू दे," असं मलाच बजावायची.

एका गुरुवारी ह्यांचा बॉस जेवायला येणार होता. लेकीला शाळेतून घेऊन आले तर खिडक्या सताड उघड्या, घरभर लिंबाचा स्प्रे आणि कपाट रिकामं! माझे डबे ह्यांनी गराजमध्ये नेऊन ठेवलेले.

"आणि ती बाटली?"

"ती जुनाट वासाची? सिंकमध्ये ओतली आणि खालचं कचरा दळायचं डिस्पोझल चालवलं."

"अहो, तिच्या आईचा मसाला होता तो!"

"मसालाच ना? दुसरा आणू. आज प्लीज सीन क्रिएट करू नकोस."

सीन! माझं डोकं असं सणकलं! जन्मभर आमटी ओरपली, आणि एक गोरा येणार म्हटल्यावर ह्यांना आपल्याच घराची लाज! वर तो मेला बॉस बेक केलेले बटाटे चिवडत म्हणतो कसा, "मला वाटलं, आज काहीतरी झणझणीत मिळणार." हे हसले. हसले! अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

दुसऱ्या दिवशी ती भोपळा घेऊन आली. ह्यांच्या नावानं बोटं मोडत मी सगळं सांगितलं. वाटलं, रडेल, मला चार शब्द सुनावेल. तिनं भोपळा ओट्यावर ठेवला, सिंकवर वाकून वास घेतला. नुसता लिंबाचा वास.

मग माझ्याकडे वळून तिनं एवढंच विचारलं, "तुझा नवरासुद्धा?"