पडवी आत की बाहेर

पाथर्डीतल्या रंगाच्या दुकानातले काका गिऱ्हाइकाला प्रश्न विचारून दमवतात, तरी आम्ही त्यांच्याकडेच जातो.

वडिलांनी पडवीसाठी बाभळीचा बाक केला होता. परवा बहिणीला बघायला पाहुणे येणार होते आणि पॉलिश वाळायला अख्खा दिवस लागतो. घरात कॉलेजात जाणारा मी एकटाच, म्हणून पॉलिशची निवड माझ्यावर आली.

"बाक आत ठेवनार का बाहेर?" काकांनी विचारलं.

"पडवीत."

"पडवी म्हंजी आत का बाहेर?"

"वर पत्रा आहे, पण पाऊस तिरपा येतो."

"मग बाहेर."

"पाहुणे तिथंच बसतात. चकाकी हवी."

"मग आत. ओ कॉलेजवाले, एक काय ते ठरवा की!"

आतलं पॉलिश पावसानं पांढरं पडतं आणि बाहेरच्याला तशी चकाकी येत नाही, हे त्यांनीच सांगितलं होतं. मी रडायचाच बाकी होतो. शेवटी त्यांनी शटर ओढलं आणि माझ्या गाडीवर मागे बसले.

आमच्या पडवीत त्यांनी पत्रा पाहिला, बाकावर बसून आईनं दिलेला चहा घेतला आणि म्हणाले, "बाहेरचंच लागंल."

"काका, पॉलिशचा डबा?"

"दुकानात हाय."

मी गाडी पुन्हा पाथर्डीकडे वळवली. मागून आवाज आला, "भाऊ, रंग सागवानी का अक्रोडी?"